बाटली आडवी, कायदा उभा

मतपत्रिकेवर दोनच चित्रं असतात. एक बाटली उभी, दुसरी आडवी. गावातलं दारूचं दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटत असेल तर आडव्या बाटलीवर. मतपेटी, मतदार यादी, बंदोबस्त, सगळं निवडणुकीसारखंच. फक्त उमेदवार कोणी नाही. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकान बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढावा लागतो. मग दुकानदार कोणाचा मेहुणा आहे आणि कोणत्या पुढाऱ्याच्या शब्दावर परवाना मिळाला होता, याला काही अर्थ उरत नाही.

दारूबंदी अधिनियमाखाली 25 मार्च 2008 रोजी काढलेल्या आदेशाने हा अधिकार महाराष्ट्रातल्या गावांना दिला. शहरातल्या प्रभागांनाही पुढे तो मिळाला. पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा पंचवीस टक्के एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, सह्या खऱ्या आहेत की नाहीत याची पडताळणी व्हायची आणि मग गुप्त मतदान. महिलांनी मागणी केली असेल तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत.

आपल्या कायद्यांमध्ये अशी जागा क्वचितच सापडते. एरवी आपण मत देतो ते माणसाला. त्या माणसाने पुढे काय करायचं ते त्याचा पक्ष, त्याचा नेता आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी ठरवते. बाटलीच्या मतदानात मतदार थेट निर्णयालाच मत देतो. हा धागा लांबवत नेला तर मोठा प्रश्न समोर येतो. देशाची राज्यघटना नव्याने मांडून नागरिकांना थेट कायदे करण्याचा अधिकार द्यायचा ठरला, तर ती घटना कशी असेल? जगात काही ठिकाणी असा अधिकार आहे. आपल्याकडे नाही. पण त्या घटनेच्या मसुद्यात कोणत्या अडचणी सोडवाव्या लागतील, याचे धडे आपल्या मातीतच मिळतात आणि त्यातले बरेचसे छत्रपती संभाजीनगरच्या आसपास घडलेले आहेत.

चार पायऱ्या

नागरिकांच्या थेट सहभागाच्या चार पायऱ्या मानता येतात. सर्वांत खालची पायरी हरकती आणि सूचनांची. विकास आराखडा असो, प्रभागरचना असो, सरकार सूचना प्रसिद्ध करतं, मुदत देतं आणि अर्ज घेतं. औरंगाबादचं नाव छत्रपती संभाजीनगर करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2022 मध्ये घेतला, फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने शहराच्या नव्या नावाला मान्यता दिली आणि त्यानंतर महसुली विभागांच्या नावांसाठी हरकती मागवण्यात आल्या. बाजूने आणि विरोधात मिळून लाखो अर्ज आले. सप्टेंबर 2023 मध्ये अंतिम अधिसूचना निघाली. या प्रक्रियेत अर्जांची मोजदाद झाली, तरी तिचा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. या पायरीवर नागरिक बोलतो, ठरवत नाही.

दुसरी पायरी सार्वमताची. विधिमंडळाने केलेला कायदा किंवा घेतलेला निर्णय लोकांपुढे ठेवायचा आणि त्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. तिसरी पायरी जनोपक्रमाची, म्हणजे लोकांनीच मसुदा तयार करायचा, सह्या गोळा करायच्या आणि तो मतदानाला लावायला सरकारला भाग पाडायचं. चौथी प्रत्यावाहनाची, निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावण्याची. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत या संज्ञा स्वित्झर्लंडच्या धड्यात येतात, आणि ते योग्यही आहे. तिथे 1874 पासून संसदेच्या कायद्याविरुद्ध सार्वमत मागता येतं आणि 1891 पासून लोकांना घटनादुरुस्ती सुचवता येते. कायद्याला आव्हान द्यायचं तर शंभर दिवसांत 50,000 सह्या लागतात, घटनादुरुस्तीसाठी अठरा महिन्यांत 1,00,000.

भारताच्या राज्यघटनेत राष्ट्रीय पातळीवर यातली एकही पायरी नाही. घटनेत बदल करण्याचा अधिकार अनुच्छेद 368 ने संसदेला दिला आहे, काही बाबतींत राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. नागरिकाचा उल्लेख त्या प्रक्रियेत नाही.

पाटोद्यात आहे, शहरात नाही

राज्यकारभाराची घडी गावापासून वर बसवण्याचा प्रयत्न मराठी मुलखात एकदा होऊन गेला आहे. औंध हे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेलं छोटं संस्थान. बहात्तर गावं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी ओळखले जाणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर 1938 मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवत असल्याचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली आणि जानेवारी 1939 मध्ये ती लागू झाली. गावपंचायत हा तिचा पाया होता, तिच्यावर तालुक्याची रचना आणि मग राज्याचं विधिमंडळ. 8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग थांबला.

संविधान सभेत हा विचार आला तेव्हा त्याला धारदार उत्तर मिळालं. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर प्रहार केला. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीयतेचं ठाणं, आणि मसुद्याने एकक म्हणून गावाऐवजी व्यक्ती स्वीकारली याचं त्यांना समाधान होतं. तरीही त्याच महिन्यात के. संथानम यांची दुरुस्ती स्वीकारली गेली आणि ग्रामपंचायतींचा उल्लेख अनुच्छेद 40 मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत आला. ग्रामसभा हा शब्द घटनेत यायला मात्र 24 एप्रिल 1993 उजाडला. त्या दिवशी लागू झालेल्या 73 व्या दुरुस्तीने अनुच्छेद 243(अ) आणला. त्यानुसार ग्रामसभेला कोणते अधिकार असतील ते राज्याचं विधिमंडळ ठरवेल. म्हणजे घटनेने नागरिकांची थेट सभा मान्य केली, पण तिच्या हातात काय द्यायचं ते प्रतिनिधींवर सोडलं.

तरी गावाला निदान सभा मिळाली. संभाजीनगरला लागून असलेल्या पाटोद्याचं उदाहरण राज्यभर माहीत आहे. भास्करराव पेरे पाटलांच्या सरपंचपदाच्या काळात या गावाने वेळेवर कर भरणाऱ्यांना मोफत दळण दिलं, शुद्ध पाणी दिलं आणि गावाच्या पैशाचा हिशेब चर्चेत आणला. पाटोद्यातला मतदार 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभेत उभं राहून जाब विचारू शकतो. तिथून काही किलोमीटरवर राहणाऱ्या शहरातल्या मतदाराला अशी सभाच नाही.

शहरांसाठीच्या 74 व्या दुरुस्तीत ग्रामसभेचं भावंड नाही. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या आहेत, त्यांत बसतात नगरसेवक. राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती कागदावरच राहिली. संभाजीनगरात तर त्याहून पुढची पाळी आली. एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 2011 च्या जनगणनेत 11,75,116 लोकसंख्या असलेल्या शहराला या काळात स्वतःचे नगरसेवकही नव्हते.

या काळात निर्णय थांबले नाहीत. त्याआधीही मोठे निर्णय लोकांना विचारून झाले नव्हते. जायकवाडीहून शहरात पाणी आणण्यासाठी ‘समांतर’ जलवाहिनीचा प्रकल्प खासगी कंपनीकडे दीर्घ मुदतीच्या करारावर गेला, त्यात पाणीपट्टीचाही प्रश्न होता, आणि 2016 मध्ये महापालिकेने तो करार रद्द केला. करार करताना आणि मोडताना, दोन्ही वेळा पैसे भरणारा नागरिक प्रेक्षकच होता. स्वित्झर्लंडच्या अनेक प्रांतांत आणि नगरांत ठरावीक रकमेपेक्षा मोठा खर्च मतदारांपुढे न्यावा लागतो किंवा सह्या गोळा झाल्या तर न्यावा लागतो. याला वित्तीय सार्वमत म्हणतात. नळाला किती दिवसांनी पाणी येणार यावर वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या शहराला हा अधिकार संसदेच्या कायद्यावरच्या सार्वमतापेक्षा जवळचा वाटेल.

लोक म्हणजे कोण?

इथे मसुदाकाराची पहिली अडचण उभी राहते. मतदार यादी कोणाची?

शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षं नारेगावच्या मैदानात पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. महापालिकेने पर्यायी जागा शोधायला सुरुवात केली तेव्हा मिटमिट्यात मार्चमध्ये गाड्या पेटल्या, दगडफेक झाली, लाठीमार झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावात कचरा टाकायला मनाई केली.

समजा, त्या महिन्यात मतदान घेतलं असतं. साऱ्या शहराने मत दिलं असतं तर कचरा नारेगावातच जावा असं बहुमत सहज होऊ शकलं असतं, कारण नारेगावात राहणारे थोडे आणि कचरा करणारे फार. फक्त नारेगाव-मांडकीने मत दिलं असतं तर उलट निकाल लागला असता. दोन्ही मतदानं लोकशाहीचीच. यादीची सीमा जिथे आखाल तिथे निकाल आधीच निम्मा ठरतो. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 च्या निकालात हा पेच ग्रामसभांच्या बाजूने सोडवला. डोंगरातल्या बारा ग्रामसभांना विचारलं गेलं आणि बाराही सभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. तिथे न्यायालयाने प्रश्नाची सीमा नेमकी केली होती. आदिवासींचे धार्मिक आणि सांस्कृतिक हक्क त्या डोंगराशी बांधलेले होते, म्हणून विचारायचं त्यांनाच. स्वित्झर्लंडने राष्ट्रीय पातळीवर वेगळा तोडगा काढला. घटनादुरुस्तीला देशातल्या मतदारांचं बहुमत लागतंच, शिवाय प्रांतांचंही बहुमत लागतं. त्यामुळे मोठे प्रांत छोट्यांना गिळू शकत नाहीत. भारतात अशी दुहेरी अट नसेल तर दोन-तीन मोठ्या राज्यांची मतं ईशान्येसाठी कायदे करू लागतील.

प्रश्न कोण लिहिणार?

16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. त्यासाठी संसदेने 1966 मध्ये खास कायदा केला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं, एवढेच दोन पर्याय होते. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. विलीनीकरणाचे कट्टर समर्थक असलेले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला, म्हणजे सत्तेचा दबाव मतदानावर पडू नये. निकालात 1,72,191 मतं केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने आणि 1,38,170 विलीनीकरणाच्या बाजूने पडली. फरक 34,021 चा. गोवेकरांनी तो निकाल स्वीकारला.

या कौलातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, ज्याला निकालात रस आहे त्याने मतदानाच्या वेळी सत्तेत बसू नये, हा राजीनाम्याचा संकेत कोणत्याही कायद्यात लिहिण्याजोगा आहे. दुसरी, मतपत्रिकेवर तिसरा पर्यायच नव्हता. वेगळं, पूर्ण राज्य व्हावं असं वाटणाऱ्या गोवेकराला शिक्का मारायला चिन्ह नव्हतं. घटक राज्याचा दर्जा पुढे वीस वर्षांनी, 30 मे 1987 रोजी मिळाला. मतदार कितीही मुक्त असला तरी त्याला निवड करावी लागते ती छापलेल्या पर्यायांमधूनच. मसुदा लिहिणाऱ्याच्या हातात मतदाराइतकीच सत्ता असते.

स्वित्झर्लंडमध्ये यावर एक उपाय आहे. लोकांच्या प्रस्तावासमोर संसद आपला पर्यायी प्रस्ताव ठेवू शकते आणि मतदार दोन्हींवर मत देतो. लोकांनी आणलेल्या प्रस्तावांपैकी साधारण दहातला एकच तिथे मंजूर होतो. पण नामंजूर झालेल्या प्रस्तावांमुळेही संसदेला अनेकदा मधला मार्ग काढावा लागतो.

किती म्हणजे पुरेसे?

पुन्हा बाटलीकडे वळू. एखाद्या गावात 1,000 महिला मतदार आहेत असं धरू. 250 जणींनी सह्या केल्या, मतदान लागलं. त्या दिवशी 700 जणी आल्या आणि 490 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आलेल्यांपैकी सत्तर टक्के. तरी दुकान चालूच राहणार, कारण एकूण 1,000 पैकी निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच धरलं जातं.

मराठवाड्यात या नियमाला एक जास्तीची धार आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या बायका उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. बीड जिल्ह्यातून त्या सर्वांत जास्त जातात, पण संभाजीनगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतूनही जातात. हंगामात मतदान लागलं तर फडात असलेल्या बाईची गैरहजेरी दुकानदाराच्या कामी येते. दारूचा मार सर्वांत जास्त सोसणारी तीच असते.

ग्रामसभेत नेमकं उलट दिसतं. तिच्या गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तीही भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे ‘कोरमअभावी तहकूब’ असा शेरा मारून नंतर मूठभर माणसांत ठराव मंजूर करण्याची वाट कायद्यातच आहे. एकीकडे अट इतकी कडक की खरा कौल हरावा आणि दुसरीकडे इतकी ढिली की नसलेला कौल जिंकावा.

गावाच्या वर गेलं की आकड्यांनी डोळे फिरतात. आइसलंडने 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर नवी घटना लिहायला घेतली. नागरिकांतून निवडलेल्या पंचवीस जणांच्या परिषदेने 2011 मध्ये जो मसुदा तयार केला, त्यात दोन टक्के मतदारांना संसदेपुढे विषय मांडण्याचा आणि दहा टक्क्यांना विधेयक मांडण्याचा किंवा झालेल्या कायद्यावर सार्वमत मागण्याचा अधिकार होता. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावून पाहू. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 9.7 कोटी मतदार होते. दोन टक्के म्हणजे एकोणीस लाखांहून अधिक सह्या आणि दहा टक्के म्हणजे जवळजवळ 97 लाख. एवढ्या सह्या कोण गोळा करू शकेल? ज्यांच्याकडे बूथपर्यंत कार्यकर्ते आहेत असे पक्ष, किंवा ज्यांच्याकडे पैसा आहे अशा कंपन्या. कॅलिफोर्नियात 2020 मध्ये ॲपवरून टॅक्सी आणि खाणं पुरवणाऱ्या कंपन्यांनी कामगार कायद्यातून सवलत मिळवण्यासाठी स्वतःच प्रस्ताव आणला, त्याच्या प्रचारावर 20 कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि तो जिंकला. जनतेचं हत्यार म्हणून 1911 मध्ये रेल्वे कंपनीच्या वर्चस्वाविरुद्ध तिथे हा अधिकार आला होता.

मतदानाआधी काय?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव मतदान जवळजवळ करतच नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने इथे अभ्यासगट सुरू झाले. प्रश्न आधी अभ्यासगटात येतो, माहिती गोळा होते, बाहेरच्या जाणकारांशी बोलणं होतं आणि नंतर ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. एकाचाही ठाम विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलला जातो. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. 2013 मध्ये गावाने आपल्या जमिनी ग्रामदानात आणल्या.

अशी सर्वसहमती लाखोंच्या शहरात शक्य नाही. पण तिचा पहिला अर्धा भाग, म्हणजे मत देण्याआधी अभ्यास, शहरातही जमतो. आयर्लंडने 2016 मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 99 सामान्य नागरिकांची सभा बसवली. त्यांनी गर्भपाताच्या प्रश्नावर महिनोन्‌महिने डॉक्टर, वकील आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचं ऐकलं. त्यांच्या शिफारशीनंतर मे 2018 मध्ये सार्वमत झालं आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी घटनेतली बंदी काढून टाकली. मतदानाच्या दिवसापर्यंत देशाला प्रश्नाच्या दोन्ही बाजू ठाऊक झाल्या होत्या.

काय विचारायचंच नाही?

1978 च्या तीन महिन्यांत थेट लोकशाहीचा सर्वांत अवघड धडा सामावलेला आहे.

6 जून 1978 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टीला एक टक्क्याची मर्यादा घालणारा प्रस्ताव मंजूर केला. करदात्यांचा तो विजय होता, पण स्थानिक शाळा आणि नगरपालिकांच्या तिजोरीवर त्याचा भार पुढची कित्येक दशकं पडत राहिला.

27 जुलै 1978 रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विद्यापीठाच्या याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांनी 1950 मध्ये महाविद्यालय सुरू केलं होतं, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. ठरावानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव अमलात यायला सोळा वर्षं लागली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला.

आणि ऑगस्ट 1978 मध्ये, मराठवाड्यात राख अजून गरम असताना, लोकसभेने सार्वमताचं कलम मंजूर केलं. आणीबाणीचा अनुभव घेऊन सत्तेवर आलेल्या जनता सरकारने 45 व्या घटनादुरुस्तीच्या विधेयकात ते ठेवलं होतं. कायदामंत्री होते शांतिभूषण. घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, नागरिकांचे मूलभूत हक्क, खुल्या निवडणुका आणि न्यायपालिकेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी कोणतीही दुरुस्ती सार्वमताशिवाय होऊ नये, आणि त्या सार्वमतात किमान एक्कावन्न टक्के मतदारांनी भाग घेतलेला असावा, असं ते कलम होतं. राज्यसभेत जनता पक्षाचं बहुमत नव्हतं, तिने ते वगळलं. उरलेलं विधेयक 44 वी घटनादुरुस्ती म्हणून संमत झालं. भारत राष्ट्रीय सार्वमताच्या एवढ्या जवळ त्यानंतर आलेला नाही.

त्या कलमाचा हेतू संसदेला कुलूप लावण्याचा होता. पण कुलपाची किल्ली बहुमताच्या हातात होती. एक्कावन्न टक्के मतदार आले आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी हो म्हटलं तर मूलभूत हक्कही कमी करता आले असते. आता ही दोन दृश्यं शेजारी ठेवून पाहावीत. मराठवाड्यात त्याच महिन्यात विद्यापीठाच्या नावावर मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता, हा खरा मुद्दा नव्हे. घर जळलेल्या माणसाला मतदान केंद्रापर्यंत निर्धास्तपणे जाता आलं असतं का, हा आहे. मतदानाला जे स्वातंत्र्य आधी हवं, तेच मतदानावर टांगलेलं असेल तर लोकशाही स्वतःचाच पाया मताला टाकते. 1948 चं बाबासाहेबांचं खेड्याबद्दलचं भय तीस वर्षांनी त्यांच्याच नावावरून खरं ठरलं.

प्रतिनिधींनाही यातून पूर्ण गुण देता येत नाहीत. ठराव करणारी सभागृहं प्रतिनिधींचीच होती आणि सोळा वर्षं तो गुंडाळून ठेवणारी सरकारंही प्रतिनिधींचीच. थेट लोकशाहीचं जुनं घर असलेल्या स्वित्झर्लंडमध्ये 1 फेब्रुवारी 1959 रोजी पुरुष मतदारांनी दोन तृतीयांश बहुमताने स्त्रियांना मताधिकार नाकारला. तो मिळाला 7 फेब्रुवारी 1971 रोजी. ॲपेंझेल इनररोडन या प्रांतात स्थानिक मताधिकारासाठी 1990 मध्ये न्यायालयाला हुकूम द्यावा लागला. जे मतदार यादीत नाहीत त्यांच्या हक्काचा निर्णय यादीतल्या लोकांनी करायचा, याचा हा परिणाम. सर्वोच्च न्यायालयाने 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालात सांगितलेली मूलभूत चौकट, म्हणजे दुरुस्तीनेही मोडता न येणारा घटनेचा गाभा, म्हणूनच कोणत्याही नव्या मसुद्यात सार्वमताच्या कक्षेबाहेर ठेवावी लागेल. आइसलंडच्या मसुद्याने अर्थसंकल्प, कर आणि आंतरराष्ट्रीय करार हेही विषय बाहेर ठेवले होते. कॅलिफोर्नियाची घरपट्टी आठवली तर त्याचं कारण कळतं.

मसुद्याची सुरुवात खालून

आइसलंडची कहाणी इथे पुरी करायला हवी. ऑक्टोबर 2012 मध्ये मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी तो मसुदा नव्या घटनेचा आधार व्हावा असं सांगितलं. तरी संसदेने तो संमत केला नाही. आजही तिथे जुनीच घटना आहे. लोकांना कायदे करण्याचा अधिकार देणारी घटना आधी प्रतिनिधींनी संमत करावी लागते आणि स्वतःची सत्ता कमी करणाऱ्या कागदावर सही करायला ते सहसा तयार नसतात. भारतात तर त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाची मूलभूत चौकटीच्या कसोटीलाही उतरावं लागेल.

म्हणून दिल्लीत घटना पुन्हा लिहिण्यापासून सुरुवात करणं म्हणजे सर्वांत अवघड टोकाला हात घालणं आहे. सोपं टोक अनुच्छेद 243(अ) मध्ये आहे. ग्रामसभेचे अधिकार राज्याच्या मर्जीवर न सोडता त्यातले मोजके अधिकार घटनेतच लिहिता येतील. गावाच्या निधीचा आराखडा मंजूर करणं, जमीन आणि पाणी देण्याआधी संमती घेणं आणि दारूच्या परवान्यावर निर्णय घेणं, एवढे तीन तरी. गणपूर्तीची पळवाट बंद करून स्थलांतरित मजुरांना हंगामात मत देण्याची सोय करावी लागेल, ती टपालाने असो किंवा फडाजवळच्या केंद्रावर. आणि शहरांच्या भागात असाच नवा अनुच्छेद घालून प्रत्येक प्रभागाला क्षेत्रसभा आणि शहराला वित्तीय सार्वमत द्यावं लागेल. ठरावीक रकमेच्या वरचा प्रकल्प किंवा दीर्घ मुदतीचा खासगी करार आधी चिठ्ठीने निवडलेल्या नागरिकांच्या समितीसमोर जाईल, त्यांचा अहवाल घरोघर पोचेल आणि मग मतदान होईल. प्रस्ताव मांडणारे पदाधिकारी त्या मतदानाच्या प्रक्रियेपासून दूर राहतील. माणसाचा मूलभूत हक्क, त्याची जात, धर्म, भाषा यांवर मत मागता येणार नाही.

हे करायला नवी राज्यघटना लागत नाही, दोन घटनादुरुस्त्या पुरतात. त्यांचा अनुभव पंधरा-वीस वर्षं गावांनी आणि शहरांनी घेतला, चुका केल्या आणि सुधारल्या, तर राज्याच्या पातळीवर जनोपक्रमाचा अधिकार मागताना लोकांकडे पुरावा असेल. सह्यांची पडताळणी कशी होते, पैसा कुठून शिरतो, दबलेल्या माणसाचं मत कसं वाचवायचं, याची उत्तरं तोपर्यंत हाताशी आलेली असतील. दारूचं दुकान बंद करायला ज्या बाईवर विश्वास ठेवला, तिला जलवाहिनीच्या करारावर मत विचारायला हरकत कोणाची आहे, याचं उत्तर महापालिकेने आणि विधिमंडळाने द्यायचं आहे.